बंदराच्या काष्ठचित्रातील पांढऱ्या रेषा

प्रश्न: १८६०च्या दशकातील ब्रिटिश साप्ताहिकात छापलेल्या मुंबई बंदराच्या काष्ठचित्रात (लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेल्या चित्रात) डोलकाठ्या, पडाव आणि कापसाच्या गाठींच्या गर्दीतून आरपार गेलेल्या सरळ, पांढऱ्या रेषा घडीच्या आहेत की छपाईच्या, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद १: घडी बोटाला लागते, रेषा केवळ शाईत तुटलेली असेल, तर तो ठोकळ्यांचा सांधा होय. बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या झाडाचे खोड बारीक असल्याने आडव्या छेदाचे अनेक तुकडे बोल्टने जोडत, आणि बातमी शिळी होण्याआधी चित्र छापून यावे म्हणून ते सुटे करून निरनिराळ्या कारागिरांकडून एकाच वेळी कोरून घेत.

प्रतिसाद २: सांध्यावरून जाणाऱ्या रेषा तुकडे सुटे करण्याआधीच कोरत, म्हणून जहाजांचे दोर बहुधा बेमालूम जुळतात.

प्रतिसाद ३: उठावाचा (छापायचा भाग उंच ठेवलेला) ठोकळा मजकुराच्या अक्षरखिळ्यांसोबत छापता येई, त्यामुळे पानाच्या पाठीमागचा मजकूरही तपासावा; घडी असेल तर ती तिथेही दिसेल.