शब्दचर्चा : रेघ ‘स्मूद’ करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

रेघोटी

इंकस्केप हे संगणकावर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर मराठीतून शिकवण्यासाठी टिपणं लिहिते आहे. वर्गातली बहुतेक मुलं दहावी-बारावी झालेली, फ्लेक्सच्या नाहीतर लग्नपत्रिकांच्या दुकानात कामाला लागू पाहणारी. लेयर, ग्रुप, फिल हे शब्द तसेच ठेवले. त्यांनी कुणाचं अडत नाही. अडलं ते ‘स्मूद’पाशी.

आधी मी सगळीकडे ‘गुळगुळीत करा’ असं लिहिलं होतं. एका मुलीने ‘हा नोड गुळगुळीत करा’ हे वाक्य वाचलं (नोड म्हणजे रेघेवरचा, तिला धरून वळवायचा ठिपका) आणि विचारलं, “मॅडम, ठिपका कसा गुळगुळीत करायचा?” तिचं बरोबर होतं. गुळगुळीत काय असतं? नदीतला गोटा, घासलेली फरशी. हात फिरवला की कळतं. नितळ म्हणावं तर ते पाण्याला आणि कातडीला शोभतं. सुरळीत कारभार असतो, वाहतूक असते. मुलायम, तलम हे कापडाचे शब्द. रेघ यातल्या कशातच बसत नाही, कारण तिला हात लावून बघता येत नाही, ती डोळ्याने बघायची असते.

मग चांगल्या रेघेला आपण मराठीत म्हणतो तरी काय?

शिरोरेखा

रेघोटीताई, वळणदार म्हणतो. शब्द घरातच आहे. ‘हिचं अक्षर वळणदार आहे’ असं म्हणताना आपण गोलाई तर बघतोच, पण त्याहून जास्त हे बघतो की हात कुठे अडखळला नाही, एका वळणातून दुसऱ्यात शिरताना झटका बसला नाही. ‘स्मूद कर्व्ह’ यापेक्षा वेगळा काय असतो?

मी देवनागरी अक्षरांची रेखाटनं करते, म्हणून हे रोज डोळ्यांसमोर असतं. इंकस्केपमध्ये नोडवर क्लिक केलं की त्याच्या दोन्ही बाजूंना दोन दांड्या निघतात. नोड स्मूद असेल तर त्या दोन्ही दांड्या एकाच सरळ रेषेत राहतात. एक खाली ओढली की दुसरी वर जाते, अगदी तराजूच्या दांडीसारखी. लांबी मात्र दोन्हींची वेगळी ठेवता येते. सिमेट्रिक नोडमध्ये लांबीही सारखी राहते. आणि कस्प नोडमध्ये दोन्ही दांड्या सुट्या, त्यामुळे तिथे कोपरा होऊ शकतो. म्हणजे इथे ‘स्मूद’ हा नोडचा प्रकार आहे, नोडवर करायचं काम नाही. त्या मुलीला म्हणूनच वाक्य खटकलं असणार.

माझ्या वहीत मी कस्पला ‘कोपऱ्याचा नोड’, स्मूदला ‘वळणाचा नोड’ आणि सिमेट्रिकला ‘समतोल नोड’ लिहिते. तराजूची उपमा एकदा सांगितली की तिसरा शब्द समजवावा लागत नाही. शॉर्टकट अनुक्रमे शिफ्ट-सी, शिफ्ट-एस, शिफ्ट-वाय.

स्पर्शिका

गणिताच्या बाजूने एक भर घालतो. ती दांडी म्हणजे त्या ठिकाणची स्पर्शिका, दहावीच्या भूमितीत वर्तुळाला काढतो तीच. दोन्ही बाजूंच्या वक्रांची स्पर्शिका एकच असेल तर कोपरा दिसत नाही. पण कोपरा नाही म्हणजे वळण चांगलं आहे असं होत नाही. सरळ रेषेला थेट वर्तुळाचा कंस जोडून बघा. जोडावर स्पर्शिका एक आहे, कोपरा कुठेच नाही, तरी डोळा तिथे ठेचकाळतो. वक्रता, म्हणजे रेघ किती वाकली आहे ते माप, शून्यावरून एकदम काहीतरी होते ना, म्हणून.

असा रस्ता असता तर गाडीचं स्टिअरिंग त्या एका क्षणात गर्रकन फिरवावं लागलं असतं. रेल्वे हे टाळते. भारतीय रेल्वेत सरळ रूळ आणि गोल वळण यांच्यामध्ये हळूहळू वाकत जाणारा एक तुकडा घालतात, त्याला घनी परवलयाचा आकार असतो. घाटातल्या वळणावर चहाचा कप सांडत नाही त्यात या तुकड्याचा वाटा असतो. तेव्हा शिरोरेखाताईंचा ‘वळणदार’ मला पटतो, पण त्याच्या दोन पायऱ्या मानाव्या लागतील. कोपरा नसलेली रेघ ही पहिली. वाकण्याचा वेगही झटक्याने न बदलणारी रेघ ही दुसरी. सॉफ्टवेअरचा स्मूद नोड फक्त पहिलीची हमी देतो. दुसरी तुमच्या डोळ्यावर आहे.

शिरोरेखा

अगदी खरं. म्हणूनच स्मूद नोड लावूनही ‘ठ’चं पोट बटाट्यासारखं दिसू शकतं. नोड कमी ठेवायचे, आणि शक्यतो वळणाच्या सगळ्यांत वरच्या, खालच्या, डाव्या, उजव्या टोकाला ठेवायचे. पूर्ण वर्तुळाला चारच नोड पुरतात. दांडी त्रिज्येच्या ०.५५२३ पट लांब ठेवली की खऱ्या वर्तुळापासूनचा फरक ०.०३ टक्क्यांहूनही कमी राहतो. डोळ्याला तो दिसणं शक्य नाही.

फ्लेक्सवाला

नमस्कार. पंधरा वर्षं कोरलवर, म्हणजे दुकानांत चालणाऱ्या तशाच चित्रांच्या सॉफ्टवेअरवर आहे. आमच्या लाइनीत या शब्दांची काय गत आहे ते सांगतो, कारण ताईंची मुलं शेवटी आमच्याकडेच येणार.

पहिली गोष्ट, दुकानात ‘कर्व्ह करणे’ याचा अर्थ रेघ वाकवणे असा नाहीच. ‘फाइल कर्व्ह करून पाठव’ म्हणजे कंट्रोल-क्यू दाबून अक्षरांचं रूपांतर आकारात कर, म्हणजे समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी मजकूर बिघडणार नाही. टिपणात ‘कर्व्ह’ लिहिलंत तर दुकानात आल्यावर मुलाचा घोळ होईल. त्यापेक्षा ‘वळण’ बरं, आमच्याकडे त्याला दुसरा अर्थ चिकटलेला नाही.

दुसरी गोष्ट, तुम्ही नोडच्या प्रकाराबद्दल बोलताय. आम्ही ‘स्मूद कर’ म्हणतो ते वेगळंच. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर दुकानाच्या जुन्या पाटीचा फोटो पाठवतं. तो ट्रेस केला, म्हणजे संगणकाकडून फोटोवरून रेघा काढून घेतल्या, की कड सगळी दातेरी येते आणि नोड मुंग्यांसारखे लागतात. मागे एका नावातल्या नुसत्या ‘श’ला १४८ नोड आले होते. मी मोजले. ते तसंच रेडियम कटिंगला लावलं. ब्लेड प्रत्येक नोडला थबकत थबकत गेलं आणि कड कुरतडल्यासारखी निघाली. पूर्ण शीट वाया गेली, गाडीवाला दारात उभा. तेव्हापासून आधी नोड कमी करतो, मगच कटिंग. हे जे काम आहे, त्याला काय शब्द?

रेघोटी

दादा, ‘कर्व्ह’चं सांगितलंत ते फार उपयोगाचं आहे, दोन पानं बदलावी लागतील. आणि तुमच्या प्रश्नाने माझाच प्रश्न मला नीट कळला. एका ‘स्मूद’खाली निदान तीन गोष्टी आहेत. एक, नोडचा प्रकार. दोन, थरथरलेली रेघ सारखी करणं. तीन, जास्तीचे नोड काढून टाकणं, ज्याला इंकस्केप ‘सिम्प्लिफाय’ म्हणतं. मी तिन्ही ठिकाणी ‘गुळगुळीत’ चिकटवत होते.

बांधावरून

तिसऱ्याला शब्द शेतात आहे. विरळणी. बाजरी दाट उगवली की दोन रोपांमधलं अंतर बघून मधली उपटून टाकतो. उरलेल्या रोपांना जागा मिळते आणि वाफा मोकळा होतो. नोडची विरळणी करा म्हटलं तर माझ्या घरातल्या कुणालाही कळेल. ‘सुलभीकरण’ मात्र नका लिहू, ते वाचून काहीतरी सोपं करून सांगणार आहेत असं वाटतं.

शिरोरेखा

विरळणी! फार नेमका शब्द. यातला धोकाही तो सांगतो, कारण विरळणी जास्त झाली की पीकच जातं. इंकस्केपमध्ये कंट्रोल-एल एकदा दाबलं की थोडे नोड जातात. पण तेच भराभर तीन-चारदा दाबलं तर प्रत्येक वेळी काप आधीपेक्षा मोठा होतो. मध्ये थोडं थांबून दाबलं तर तसं होत नाही. हे माहीत नसल्यामुळे अनेकांच्या अक्षराचा लोळागोळा होतो. गाठीचा ‘श’ घ्या. पहिल्या दाबात कडेचे दाते गेले, छान. दुसऱ्यात गाठीच्या आतली पांढरी जागा बारीक झाली. तिसऱ्यात काना शिरोरेषेला जिथे काटकोनात भेटतो तो कोपराच गोल झाला. साबणाच्या वडीसारखं अक्षर. रेघ ‘गुळगुळीत’ मात्र झालेली असते! म्हणून मला त्या शब्दाची भीती वाटते. बोरूने लिहिलेल्या अक्षराला कोपरे असतात, तिरप्या कापाची धार असते. ती धार घालवणं म्हणजे अक्षर सुधारणं नव्हे. विरळणीच्या आधी कोपऱ्याचे नोड कुठले ते ठरवून घ्या, आणि नंतर ते पुन्हा तपासा.

सुताराचा नातू

दुसऱ्या अर्थासाठी, म्हणजे थरथरलेली रेघ सारखी करण्यासाठी, मी ‘घोटणे’ सुचवतो.

जुना हातकागद खळ लावून वाळवत आणि मग अकीकाच्या दगडाने घोटत, तेव्हा कुठे त्यावरून बोरू न अडखळता चालायचा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं नाव या कागदासाठी आजही घेतात. अक्षरही घोटतात. ‘घोटीव अक्षर’ म्हणजे पुन्हा पुन्हा लिहून ज्यातला कंप गेलाय असं. गिरवणं निराळं: गिरवताना कित्त्यावरून हात फिरवायचा असतो, घोटताना आपलंच वळण पक्कं करायचं. वरणही घोटतो, डाळीचे दाणे एकजीव होईपर्यंत. प्रत्येक ठिकाणी तीच क्रिया आहे: एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवून खडबड मोडणं. इलस्ट्रेटर या चित्रांच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्मूद नावाचं हत्यार आहे, ते रेघेवरून असंच पुन्हा पुन्हा फिरवायचं असतं.

आजोबांचं एक सांगतो. दाराच्या कमानीची रेघ ते हाताने काढत नसत. फळीवर तीन खिळे ठोकायचे, त्यांच्यामधून बांबूची कामटी वाकवून बसवायची आणि तिच्या कडेने पेन्सिल ओढायची. कामटी स्वतःच सगळ्यांत कमी ताणाचं वळण घेते, तिला कोपरा करताच येत नाही. जहाजांचे नकाशे काढणारेही लाकडाची लवचीक पट्टी शिशाच्या वजनांनी दाबून असंच करत. त्या पट्टीचं नाव स्प्लाइन, आणि आज संगणकातल्या वक्रांनाही तेच नाव आहे.

स्पर्शिका

आणि दांड्यांचे वक्र आले ते मोटारींमधून. पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये सित्रोएनमध्ये ती रीत बसवली, पण कंपनीने ती बाहेर पडू दिली नाही. पिएर बेझिए यांनी रेनोमध्ये १९६०च्या दशकात स्वतंत्रपणे तेच काम केलं आणि प्रसिद्धही केलं, म्हणून नाव त्यांचं लागलं. चार बिंदू असतात: दोन टोकांना, आणि दोन दांड्यांच्या शेवटी. वक्र टोकांच्या बिंदूंतून जातो, दांड्यांचे बिंदू त्याला नुसते आपल्याकडे ओढतात. ‘घोटणे’बद्दल एकच शंका आहे. गळाही घोटतात ना?

सुताराचा नातू

सर, तो अर्थ शेजारच्या शब्दाने येतो. ‘रेघ घोटा’ वाचून कुणाला गळा आठवणार नाही, जसा ‘अक्षर घोट’ म्हणताना आईला कधी आठवला नाही.

रेघोटी

मग मी असं लिहिते. नोडचे प्रकार: कोपऱ्याचा, वळणाचा, समतोल. पेन्सिलने काढलेली रेघ थरथरली असेल तर ती घोटायची. ट्रेस करून नोड दाट आले असतील तर विरळणी करायची. प्रत्येक शब्दासोबत पडद्यावरचं मूळ नाव देवनागरीत देणार, नाहीतर मेनूत सापडायचं नाही. आणि रेघ चांगली झाली की नाही हे विचारताना ‘वळणदार झाली का?’ असं विचारणार.

पडद्यावर तिरप्या रेघेच्या पायऱ्या दिसू नयेत म्हणून कडेचे ठिपके फिकट करतात, त्यालाही कुणी स्मूद म्हणतं. त्यात रेघ बदलतच नाही, फक्त दिसणं बदलतं. त्याला ‘कड मऊ करणे’ पुरे आहे.

फ्लेक्सवाला

ताई, काल दुकानात बघितलं करून. नवीन मुलगा आहे, चार दिवस झालेत. त्याला म्हटलं, हा मोर हाताने काढलाय, पिसाऱ्याच्या रेघा जरा घोट. काय करायचं हे त्याने विचारलंच नाही. माऊस हातात घेतला आणि म्हणाला, “किती घोटू? डोळे तसेच ठेवायचे ना?”