बिघडलेला डेटा न विचारता 'दुरुस्त' करणं योग्य आहे का?

शाईपेन
आईच्या रक्तातल्या साखरेच्या नोंदी मी चार वर्षं एका अ‍ॅपमध्ये ठेवतेय. उपाशीपोटी, दुपारी, रात्री आणि शेजारी इन्सुलिनचे युनिट. मध्यंतरी अ‍ॅपचं अपडेट आलं आणि जवळपास निम्म्या नोंदींवर १ जानेवारी १९७० ही तारीख चढली. (बऱ्याच सिस्टिम वेळ तिथून पुढे सेकंदांत मोजतात, त्यामुळे तारखेच्या जागी शून्य पडलं की तोच दिवस दिसतो.) आकडे शाबूत, दिवस गायब. चार दिवसांनी दुसरं अपडेट आपोआप आलं. सोबत एवढंच लिहिलेलं: 'किरकोळ सुधारणा'. तारखा परत आल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग सहज म्हणून ग्लुकोमीटरच्या मेमरीशी ताडून पाहिलं. आईला ताप होता त्या आठवड्यातले २८०, ३१० हे आकडे अ‍ॅपमध्ये तीन आठवडे पुढे सरकले होते. त्या आठवड्यात मी जुन्या फोनवर, सिंक (नोंदी आपोआप कंपनीच्या सर्व्हरवर जाणं) बंद ठेवून नोंदी केल्या होत्या. दुरुस्ती करणाऱ्यांनी हरवलेल्या तारखेच्या जागी नोंद सर्व्हरवर पोचल्याची तारीख भरली आणि तसं कुठेही सांगितलं नाही. डॉक्टर याच तक्त्यावरून डोस ठरवतात. १९७० दिसत होतं तेव्हा निदान काहीतरी बिघडलंय हे कळत तरी होतं.

माझं म्हणणं असं: दुरुस्ती वापरणाऱ्याला विचारूनच व्हावी. त्याआधी बिघडलेला डेटा आहे तसा बाजूला ठेवावा, आणि जिथे अंदाजाने भरलंय तिथे 'अंदाज' असं लिहावं.

रात्रपाळी
असल्या दुरुस्त्या लिहिणं हेच माझं काम आहे. तुमच्या आईंच्या बाबतीत जे झालं ते चुकीचंच. पण 'विचारूनच करा' हे मला मान्य नाही. बिघाड एका जागी थांबत नाही. फोनवरच्या अपडेटने नोंद पुसली तर सर्व्हरला वाटतं ती तुम्हीच पुसली. सर्व्हर ते टॅबलेटला कळवतो, टॅबलेटही पुसतो. आम्ही परवानगीची वाट बघत बसलो तर तेवढ्या वेळात चांगली प्रतही जाते. आणि विचारलं तरी बहुतेक जण न वाचता 'ठीक आहे' दाबतात. काही जण तर महिनोन्महिने अ‍ॅप उघडतच नाहीत. त्यांचा डेटा तसाच सडू द्यायचा?

'जुनी आवृत्ती परत द्या' हेही दरवेळी ऐकायला मिळतं. नव्या आवृत्तीने डेटाबेसची रचना बदलली असेल तर जुन्या आवृत्तीला तो वाचताच येत नाही, आणि मागे जाताना दुसऱ्यांदा नुकसान होतं.

मोरपीस
रात्रपाळी, तुम्ही दोन गोष्टी एकत्र करताय. पसरणं थांबवणं वेगळं आणि दुरुस्ती वेगळी. सिंक सर्व्हरकडूनच बंद करा, त्याला कुणाची परवानगी नको. पण थांबवल्यावर घाई कशाची?

विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं अपडेट आठवा. २ ऑक्टोबरला आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली गेल्या. ज्यांनी तो फोल्डर दुसऱ्या जागी वळवला होता, त्यांचा मूळ जागेवरचा फोल्डर आता रिकामा असणार असं धरून अपडेटने तो उडवला. काहींच्या फाइली अजून तिथेच होत्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच वितरण थांबवलं, आणि फाइली गेलेल्यांना सांगितलं की संगणक कमीत कमी वापरा आणि आम्हाला फोन करा. अपडेट पुन्हा आलं ते १३ नोव्हेंबरला.

कमी वापरा का? हार्ड डिस्कवर फाइल पुसली की आधी फक्त तिची नोंद जाते, मजकूर तिथेच असतो. त्यावर नवं काही लिहिलं की मग तो खरोखर जातो. तुमचं आपोआप उतरणारं दुरुस्तीचं अपडेटसुद्धा डिस्कवर लिहितंच ना? एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या चिपवाल्या ड्राइव्हवर) तर पुसलेली जागा ड्राइव्ह स्वतःच लवकर साफ करून टाकते.

तळटीप
तुम्ही सगळे बिघाडानंतरचं बोलताय. माझ्या मते प्रश्न एवढाच आहे की अपडेटचा हात पोचणार नाही अशा जागी प्रत आहे की नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये साठवणुकीच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधल्या चुकीमुळे काही जीमेल खाती रिकामी झाली. गुगलने आकडा सांगितला ०.०२ टक्के. डेटाच्या प्रती एकाहून जास्त होत्या, तरी चूक त्यांच्यापर्यंतही पोचली. शेवटी मेल परत आणले ते टेपवरून, कारण टेप त्या यंत्रणेपासून तुटक होत्या. शाईपेन, बिघडलेला डेटा प्रत्येकाच्या फोनवर जपायचा म्हणता, पण तेवढी जागा आणायची कुठून?

शाईपेन
दिवसाला तीन, चार वर्षं, म्हणजे साडेचार हजारांच्या आत नोंदी. एका फोटोला याहून जास्त जागा लागते. व्हिडिओच्या अ‍ॅपला ही अडचण येईल, तारीख आणि आकडा ठेवणाऱ्या अ‍ॅपला नाही.

मोरपीस यांनी केलेला फरक मला पटला. सिंक न विचारता बंद करा, तेवढ्यापुरता 'विचारूनच' हा आग्रह मी मागे घेते. पण तारखा भरायची कसली घाई होती? १९७० आणखी आठवडाभर दिसलं असतं तर आमचं काहीच बिघडलं नसतं. खोट्या तारखेवरून इन्सुलिन वाढलं असतं तर? माझी झोप उडाली ती या विचाराने.

रात्रपाळी
'अंदाज' ही खूण हवी, हे मान्य. कुठल्या नोंदीत काय भरलं याची यादी आमच्याकडे सर्व्हरवर असते, वापरणाऱ्याला ती दिसत नाही. ती दिसलीच पाहिजे, आणि 'किरकोळ सुधारणा' लिहिणं ही तर सरळ लपवाछपवी आहे.

विचारण्याला मात्र माझा विरोध कायम आहे. निम्म्यांनी हो म्हटलं, निम्म्यांनी नाही, की दोन प्रकारचा डेटा कायमचा मागे राहतो. पुढचं प्रत्येक अपडेट दोन्हींवर चालायला हवं, आणि चाचणी नेमकी कमी लोकांकडे असलेल्या प्रकाराची राहून जाते. पुढचा बिघाड तिथेच होतो. मी हे दोनदा निस्तरलंय.

मोरपीस
मग विचारू नका, पण परतीची वाट ठेवा. मूळ शून्य वेगळ्या रकान्यात राहू द्या. रचना सगळ्यांची एकच राहील आणि 'दुरुस्ती नको' म्हणणाऱ्याला मागे जाता येईल.

रात्रपाळी
हे जमण्यासारखं आहे. एक रकाना वाढेल, बाकी काही नाही.

शाईपेन
आमच्या अ‍ॅपने ते शून्यही ठेवलेलं नाही, मी विचारून घेतलं. मीटरमध्ये शेवटची ५०० रीडिंग आहेत, म्हणजे साधारण साडेपाच महिन्यांची. रोज रात्री आई आकडा वाचून दाखवते आणि मी तारीख बदलते. त्याआधीच्या ज्या नोंदींवर शंका आहे, त्यांच्या शेऱ्यात 'दिवस नक्की नाही' एवढं लिहितेय. आज दोनशेपर्यंत पोचलो.