स्क्रीनवर उजळ, प्रिंटमध्ये काळपट

स्क्रीनवर छान दिसणारा फोटो प्रिंटमध्ये काळपट का येतो, या प्रश्नावर कॅलिब्रेशनचा, म्हणजे मॉनिटरचे रंग आणि उजेड कॅलिब्रेटर नावाच्या उपकरणाने मोजून नीट लावून घेण्याचा, सल्ला दिला जातो. तो बरोबरच आहे, पण मी सगळ्यात आधी मॉनिटरचा ब्राइटनेस तपासेन. नवा मॉनिटर बहुतेकदा गरजेपेक्षा बराच प्रखर असतो आणि त्यावर आपण नकळत फोटो गडद करत जातो. प्रिंटसाठी साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर (स्क्रीनच्या प्रखरतेचं एकक) पुरे. गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतात ते ठरवणारं सेटिंग) २.२, व्हाइट पॉइंट (पांढरा रंग किती पिवळसर-निळसर दिसतो ते) ६५०० केल्विन.

खोलीतला उजेडही महत्त्वाचा. अंधारात तोच फोटो जास्त उजळ भासतो, म्हणून रात्री केलेलं एडिटिंग मी सकाळी पुन्हा बघतेच. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद ते उजळ छटांचा आलेख) बघा; मॉनिटर कसाही असला तरी तो बदलत नाही. आलेख उजवीकडे २५५ च्या, म्हणजे सगळ्यात उजळ छटेच्या, कडेला चिकटून उंच गेला असेल, तर तिथला तपशील गेला समजा. मात्र रात्रीच्या फोटोचा आलेख डावीकडे झुकणारच. तो ओढूनताणून मध्यावर आणू नका, रात्रीची रात्रच उरत नाही.

कॅलिब्रेटर लावण्याआधी मॉनिटर अर्धा तास सुरू राहू द्या. लॅपटॉपवर ऑटो ब्राइटनेस आणि नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय) दोन्ही बंद करा.