डीडुप बंद केल्यावरही पाठ सोडत नाही
"चालू करून बघा, नाही जमलं तर डीडुप बंद करा" हा डीडुपबद्दलचा (सारखा डेटा एकदाच साठवायची सोय) सल्ला पटला नाही. झेडएफएस या फाइल सिस्टीममध्ये ते फक्त नव्या लिखाणापुरतं बंद होतं. जुन्या ब्लॉकांची (डेटाच्या तुकड्यांची) नोंदवही तशीच राहते आणि फाइल उडवताना ती चाळावीच लागते.

एका नोंदीला मेमरीत साधारण 320 बाइट धरा. 128 केबीचे ब्लॉक असतील तर 1 टीबी वेगळ्या डेटाच्या नोंदवहीला अडीच जीबी रॅम. व्हर्च्युअल मशिनसाठी 8 केबीचे ठेवलेत, तर तेच 40 जीबी! माझ्या 16 जीबी रॅमच्या सर्व्हरवर एक जुना स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) उडवायला अख्खी रात्र गेली, डिस्कचा दिवा सकाळीही लुकलुकत होता. शेवटी सगळा डेटा दुसऱ्या पूलवर (डिस्कांच्या गटावर) हलवला, तेव्हा कुठे सुटका झाली.