प्राध्यापकांची माहिती हवी असेल तर आधी ऑर्किड (ORCID) बघा

विभागातल्या प्राध्यापकांची पदं, संस्था आणि शोधनिबंध लिंक्डइनवरून स्क्रेप करावेत, म्हणजे प्रोग्रामने आपोआप उचलावेत, माहिती सार्वजनिक आहे आणि लिंक्डइनचा डेटा असाच उचलणाऱ्या हायक्यू या अमेरिकन कंपनीच्या खटल्यात कोर्टानेही ते मान्य केलंय, असा सल्ला दिला जातो. पण ती गोष्ट अर्धीच आहे. एप्रिल २०२२ मध्ये अपील कोर्टाचा कौल हायक्यूच्या बाजूने लागला खरा, पण त्याच नोव्हेंबरात खालच्या कोर्टाने वापराच्या अटी मोडल्याचा ठपका ठेवला आणि शेवटी निकाल हायक्यूच्या विरोधातच गेला.

ऑर्किड ही संशोधकांना स्वतःचा ओळखक्रमांक आणि नोंदपान देणारी सेवा, २०१२ पासून चालू आहे. तिचा सार्वजनिक एपीआय, म्हणजे प्रोग्रामने माहिती मागवायची सोय, मोफत आहे. मला सगळ्यात पटतं ते हे, की आपली कोणती नोंद सगळ्यांना दिसावी हे तो संशोधक स्वतः ठरवतो. त्याने लपवलेलं तुम्हाला मिळत नाही, आणि मिळूही नये.

एपीआयला विनंती पाठवताना हेडरमध्ये जेसन या स्वरूपात माहिती मागा, नाहीतर ती एक्सएमएल स्वरूपात हातात पडेल. नोकरीच्या नोंदीत वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे येतात आणि महिना-दिवस बऱ्याचदा नल, म्हणजे रिकामे, असतात. ते न तपासता तारीख जोडायला गेलात तर कोड तिथेच आपटतो. शोधनिबंध मोजताना जास्त जपा: एकच निबंध क्रॉसरेफ आणि स्कोपस या शोधनिबंधांची माहिती ठेवणाऱ्या दोन्ही ठिकाणांहून आलेला असतो. एकाच निबंधाच्या अशा नोंदी ऑर्किड एका गटात देतं, म्हणून गट मोजायचे, आतल्या नोंदी नाही.

आणि ऑर्किडचा १६ अंकी ओळखक्रमांक डेटाबेसमध्ये टेक्स्ट म्हणूनच ठेवा. शेवटचं अक्षर तपासणीचं असतं, तिथे कधीकधी 'एक्स' येतो.