बंबाचा गिअरबॉक्स घ्यायचा का? (घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा)

शुक्रवार, रात्री

बंडू: सगळ्यांनी जरा फोटो बघा. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या अलीकडं एका भंगारच्या यार्डात मिळालाय. आगीच्या बंबाचा गिअरबॉक्स आहे, ॲलिसन ३००० सिरीज, सहा गिअरचा ऑटोमॅटिक. बंब कुठल्यातरी महापालिकेचा, लिलावात निघालेला. मीटरला फक्त ३८ हजार किलोमीटर. १ लाख ४० हजार मागतोय. उद्या दुपारपर्यंत ५० हजार टोकन द्या म्हणतोय, नाहीतर बेळगावचं गिऱ्हाईक उचलणार. आपल्या रिकव्हरी गाडीला, म्हणजे अडकलेल्या गाड्या ओढायच्या ट्रकला, बसवायचा विचार आहे, गाळप सुरू व्हायच्या आत.

तात्या: आहे तो चालतोय की. आता ह्याचं काय मध्येच?

बंडू: तात्या, गेल्या हंगामात दोन क्लच प्लेटा जळाल्या. उसाची भरलेली ट्रॉली ओढ्यातनं वर काढायची म्हणजे अर्धा क्लच दाबून इंचाइंचानं ओढावं लागतं. करूळ घाटात चढाला गाडी उचलताना प्लेटचा वास सुटतो. ह्याच्यात पायाचा क्लचच नाही, कन्व्हर्टर आहे, इंजिनाची ताकद ऑइलातनं बॉक्सला देणारा. ॲक्सिलेटर दिला की शांतपणे ओढणार.

दाजी (मिरज): घेऊन टाक बंडू. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं पुरी झालेल्या सरकारी गाड्या नोंदणीतनं बाद करायच्या असा केंद्राचा नियम आलाय. गाडी बिघडली म्हणून नव्हे, वय झालं म्हणून निघतात त्या. आणि बंब रोज थोडाच पळतो? ३८ हजार म्हणजे नवाच म्हणायचा.

आत्या (इचलकरंजी): पैसे कुठले रे?

बंडू: ऊस बिलातले ठेवलेत ते.

आत्या: ते घराच्या स्लॅबचे ना? तात्या, तुम्ही काहीच बोलत नाही.

आप्पा: बंडू, टोकन देऊ नको. जेवण उरकून सविस्तर लिहितो. तोवर त्याचा फोन आला तरी उचलू नको.

आप्पा: हां, आता ऐक.

दाजी म्हणतात ते मालाच्या ट्रकला लागू पडतं, बंबाला नाही. बंब स्टेशनातनं निघतो, पाच-सात किलोमीटर जातो आणि आगीपाशी उभा राहतो. उभा राहतो म्हणजे बंद होत नाही. ज्या बंबाचा पंप मधल्या शाफ्टवर असतो, त्यात इंजिनाची ताकद चाकांकडनं काढून पंपाकडं वळवतात आणि तासन्‌तास पाणी मारत राहतात. गोदामाची आग असली तर रात्र जाते. ही सगळी ताकद गिअरबॉक्समधनंच जाते. पंप लावला की हा बॉक्स चौथ्या गिअरला, म्हणजे एकास एकला, लॉक होऊन फिरत राहतो. चाकं जागेवर, किलोमीटरचा काटा जागेवर, पण आत बेअरिंग, ऑइल पंप, सील, सगळं राबतंय. म्हणून बंबाला किलोमीटर विचारायचे नसतात, तास विचारायचे असतात.

खाणीत डंपरच्या वर्कशॉपला होतो तेव्हा आम्ही ॲलिसनचे बॉक्स तासावरच ओव्हरहॉलला काढायचो. किलोमीटर कुणी बघायचं नाही. ढोबळ हिशोबात इंजिनाचा एक तास म्हणजे ४० ते ५० किलोमीटर धर.

बंबाला दोन तासमीटर असतात. एक डॅशबोर्डवर इंजिनाचा, दुसरा बाहेर पंपाच्या पॅनेलवर. ते दोन्ही आकडे फोटोसकट आण. मग बोलू.

दाजी (मिरज): हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं आप्पा. बरोबर आहे तुमचं.

बंडू: आप्पा, बंब तोडून झालाय. पंपाचं ब्राँझ तर पहिल्याच आठवड्यात गेलं म्हणे.

आप्पा: ब्राँझ जाऊ दे, पॅनेल कोण नेणार? पत्र्याच्या ढिगात पडलं असेल. केबिन कुठाय ते विचार. केबिन अजून असेल तर अर्धं काम झालं.

ताई (पुणे): केबिनवरनंच विचारते. बंडू, फोटोत बॉक्सच्या बाजूनं वायरींचा गुच्छ लोंबतोय, तो कटरनं तोडलाय का? आणि ह्याचा कंट्रोलर कुठाय? हे बॉक्स इलेक्ट्रॉनिक असतात. कुठला गिअर कधी टाकायचा, आतल्या कुठल्या क्लचला किती दाब द्यायचा, हे सगळं तो डबा ठरवतो. तो केबिनमध्ये किंवा चासीवर वेगळा बसवलेला असतो. शिवाय ड्रायव्हरजवळचा बटणांचा सिलेक्टर. ह्या दोन वस्तू आणि मधली वायरिंग नसेल तर तू नुसतं लोखंड विकत घेतोयस.

बंडू: कंट्रोलर बाजारात वेगळा मिळतो ना?

ताई (पुणे): मिळेल, पण कुठलाही चालत नाही. बॉक्स, कंट्रोलर आणि त्यातलं प्रोग्रामिंग एका मेळाचं लागतं. बंबाच्या कंट्रोलरमध्ये पंपाच्या हिशोबाचं प्रोग्रामिंग असणार. तुझ्या गाडीला ते बदलून घ्यावं लागेल, तेही कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसवाल्याकडनं. आणि तुझं इंजिन जुन्या इनलाइन डिझेल पंपाचं, इलेक्ट्रॉनिक नाही. ॲक्सिलेटर किती दाबलाय हे ते इंजिन कंट्रोलरला सांगू शकत नाही. त्यासाठी डिझेल पंपाच्या लिव्हरला वेगळा थ्रॉटल सेन्सर लावावा लागेल. होतं ते, पण नीट सेटिंग करून.

तात्या: पोरी, एवढं सगळं धरून खर्च किती येतोय तेवढं सांग.

आप्पा: तात्या, सांगतो मी उद्या. आधी वस्तू बघू.

आप्पा: बंडू, आणखी एक. हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि तुझ्याच धंद्यातला आहे. ऑटोमॅटिक गाडी बंद पडली तर तू ओढायच्या आधी काय करतोस?

बंडू: प्रॉपेलर शाफ्ट सोडतो.

आप्पा: का?

बंडू: इंजिन बंद असलं की बॉक्समधला ऑइल पंप फिरत नाही. चाकांनी शाफ्ट फिरवला तर आतला माल कोरडाच फिरतो आणि जळतो.

आप्पा: शाबास. आता सांग, हा बंब नोंदणीतनं बाद झालेला, बहुतेक बॅटरी काढलेला, त्या गावाहनं शिरोलीपर्यंत आला कसा? कुणी मागं साखळी बांधून ओढत आणला असेल तर तो १० हजार चाललेला असो की ३८ हजार, मला तो नको. यार्डवाल्याला विचारू नको. आणणाऱ्या ड्रायव्हरला विचार.

आत्या (इचलकरंजी): ऐक रे बाळा आप्पांचं.

बंडू: व्हय आत्या. आप्पा, तुम्ही येतासा का उद्या? गाडी पाठवतो.

आप्पा: गाडी नको, मी येतो. सकाळी आठला तावडे हॉटेलपाशी थांब. काचेची मोकळी बाटली, चुंबक, टॉर्च आणि १७-१९ चे पाने घे. बॉक्सच्या खालच्या पॅनचं ऑइल बाटलीत काढून बघायचं आहे. बॉक्स किती दिवस उघड्यावर पडलाय कुणास ठाऊक. आपल्याकडचा पाऊस, त्यात २०१९ ला आणि २०२१ ला तिथं हायवेच पाण्याखाली होता. ह्या बॉक्समधल्या क्लच प्लेटांवर कागदी अस्तर चिकटवलेलं असतं. पाणी किंवा रेडिएटरचं कूलंट आत गेलं की ते अस्तर सुटतं. बाहेरनं बॉक्स चकाचक दिसतो, बसवल्यावर पंधरा दिवसांत गिअर घसरायला लागतात. ऑइल दुधाळ निघालं तर तिथनंच मागं फिरायचं, भाव करायचाच नाही.

काकी: आप्पा, नाश्ता करून निघा. गोळ्या विसरू नका.

शनिवार, दुपार

बंडू: आप्पा लिहितायत, तोवर मी फोटो टाकतो. पहिला पाटीचा, दुसरा बाटलीचा, तिसरा तासमीटरचा.

आप्पा: सगळं लिहितो, कारण पैसे घरचे आहेत आणि प्रत्येकाला कळलं पाहिजे.

पाटी बॉक्सच्या मागच्या उजव्या अंगाला असते. ती आहे, रिव्हेट मूळचे, मॉडेल आणि सीरियल नंबर स्पष्ट. पाटी नसलेला बॉक्स मी उचलूच दिला नसता. लिलावाची डिलिव्हरी ऑर्डर यार्डवाल्यानं दाखवली. सीरियल नंबर घालून जीएसटी बिल देतो म्हणाला. ते हातात आल्याशिवाय पैसे नाहीत.

ऑइल काळपट लाल आहे पण आरपार दिसतं. दूध नाही, पाण्याचा थेंब खाली बसला नाही. बाटली तासभर उन्हात ठेवून बघितली. वास जुन्या ऑइलचा, जळका नाही. पॅन सोडलं. चुंबकाला करडी मऊ पेस्ट लागली, ती चालते. पितळेचा कीस नाही, पोलादाचा तुकडा नाही. दोन्ही फिल्टर काढून कापले, अस्तराचा काळा चुरा थोडा आहे. वयाच्या मानानं ठीक.

आता तास. केबिन कुंपणाच्या कडेला उलटी पडली होती, आत मुंग्यांचं वारूळ. डॅशवरचं मीटर काढून बंडूनं गाडीची बॅटरी लावली: ६,९४० तास. पंपाचं पॅनेल पत्र्यांखाली सापडलं: २,३१० तास. तासाला ४०-५० किलोमीटर धरले तर ३८ हजार किलोमीटरचा बॉक्स खरा तीन लाख किलोमीटरच्या घरातला आहे. यार्डवाल्याला हे कागदावर मांडून दाखवलं. भला माणूस आहे, त्यालाही माहीत नव्हतं. तो लोखंड जोखून विकणारा, त्यानं किलोमीटर बघून भाव लावला होता.

दाजी (मिरज): बाप रे. आणि मी काल नवाच म्हणत होतो.

आप्पा: दाजी, तीन लाख म्हणजे मेलेला नव्हे. हे बॉक्स नीट ऑइल बदलत गेलं तर त्याच्याही पुढं जातात. फक्त नव्याचा भाव द्यायचा नाही.

बंडू: आप्पा, ड्रायव्हरचं सांगा की.

आप्पा: हां. बंब लो-बेडवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर लादून, आला. ड्रायव्हर यार्डातच भेटला, त्याच्या मोबाइलमध्ये लो-बेडवरचा फोटो होता. मागची चाकं लाकडी ठोकळ्यांवर, साखळ्या बांधलेल्या. हा फोटो बघितला आणि माझा जीव भांड्यात पडला.

ताई (पुणे): कंट्रोलर?

बंडू: ताई, सापडला! केबिनमध्ये सीटच्या मागं स्क्रूनं बसवलेला. सिलेक्टर पण आहे, एक बटण खचलंय. वायरिंग मात्र फायरवॉलपाशी, म्हणजे केबिन आणि इंजिनाच्या मधल्या पत्र्यापाशी, तोडलीय.

ताई (पुणे): दोन्ही टोकं मिळाली ना? रंग आणि नंबर वायरीवर छापलेले असतात, जोडता येतील. पण काडीनं पिळून टेप मारायचा नाही हं. सोल्डर आणि हीट श्रिंक. कंट्रोलर मला कुरिअर कर, मी इथं टेबलावर २४ व्होल्ट देऊन आतले जुने फॉल्ट कोड वाचायचा प्रयत्न करते. पुढच्या वेळी अख्खी चालू गाडी मिळाली तर सिलेक्टरवरचे वरचा आणि खालचा असे दोन्ही बाण एकदम दाबायचे. पहिल्यांदा ऑइलची पातळी सांगतो, मग पुढं कोड दाखवतो. गिअरबॉक्स उतरवायच्या आधी दोन मिनिटांचं काम आहे ते.

तात्या: आता खर्च सांगा.

आप्पा: तात्या, बॉक्स, कंट्रोलर, सिलेक्टर, सगळी वायरिंग मिळून ९५ हजारावर आलाय. पण तेवढ्यानं भागत नाही. बंडूच्या इंजिनाची हाउसिंग, म्हणजे जोडाचं कवच, आणि ह्याची हाउसिंग जुळत नाही, मध्ये ॲडॅप्टर रिंग लागणार. ती आपल्या उद्यमनगरात होईल. ओतीव काम आणि लेथ दोन्ही तिथंच, असं काम करणारी माणसं दुसरीकडं सहज मिळत नाहीत. फक्त रिंग बसल्यावर डायल गेज लावून केंद्र तपासल्याशिवाय मी बॉक्स चढवू देणार नाही. केसभर जरी बाहेर राहिली तरी पुढचं सील आणि पंप खातो. मग इंजिनाला कन्व्हर्टर जोडणारी फ्लेक्स प्लेट. ऑइल कूलर नवीनच, बंबाचा जुना कूलर फुकट दिला तरी नको, त्यात काय अडकलंय दिसत नाही. प्रॉपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करायचा. कोरड्या बॉक्सला ऑइल साधारण २७ लिटर, तेही चांगलं सिंथेटिक. सेन्सर, प्रोग्रामिंग. माझा अंदाज, सगळं धरून अडीच लाखाच्या वर. आणि गाडी किमान महिनाभर उभी.

आत्या (इचलकरंजी): महिनाभर? हंगाम तोंडावर आलाय.

आप्पा: तेच म्हणतोय. बॉक्स घ्यावा, पण आत्ता बसवू नये. बंडू, हा हंगाम आहे त्या गाडीवर काढ. नवी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट टाक. चार महिन्यांत जे सुटेल त्यातनं पुढचा खर्च कर, स्लॅबच्या पैशातनं फक्त ९५ हजार घे आणि ते मार्चपर्यंत तात्यांना परत दे. रिंगचं माप मात्र आत्ताच देऊन ठेव.

बंडू: आप्पा, मला वाटलं होतं तुम्ही नकोच म्हणणार.

आप्पा: का म्हणू? गेल्या वर्षी रात्री दोनला ट्रॉलीखाली साखळी लावताना तुझी गाडी क्लच सुटून हातभर मागं आली होती. तुझा पाय थोडक्यात वाचला. ते मी विसरलेलो नाही. चढाला न घसरता ओढणारी गाडी तुला पाहिजेच. फक्त घाईनं नको.

काकी: हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आत्या (इचलकरंजी): मलापण नाही. बंडू, फोन कर संध्याकाळी.

दाजी (मिरज): आरटीओचं पण विचारून घे बंडू. नोंदणीच्या कागदातल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर केलेला चालत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आधी अर्ज, मग काम. विम्यालाही कळव.

बंडू: व्हय दाजी, सोमवारी जातो. आप्पा, चार-पाच महिने बॉक्स ठेवायचा कसा?

आप्पा: निथळलेला ठेवायचा नाही. फिल्टर नवे टाकून ऑइल भर. कूलरची दोन्ही तोंडं, ब्रीदर, वायरिंगचं सॉकेट, सगळं बुच मारून बंद. कन्व्हर्टर पुढं सरकू नये म्हणून पट्टी ठोकून बांध. तो सुटून पडला तर ऑइल पंपाची खाच तुटते. लाकडी पाटावर ठेव, जमिनीवर नको. पाव टनाच्या आसपासचं धूड आहे, माणसांनी उचलायचं नाही, चेन पुली लाव.

बंडू: आणि जागा?

तात्या: गोठ्याच्या पूर्वेकडचा कोपरा मोकळा करतो. पलीकडं पत्रा गळतोय, तिथं नको. वैरण मी आजच हलवतो.