स्टेल बॉटने माझा बग बंद केला, याला काय अर्थय?

प्रश्न: एका ओपन सोर्स लायब्ररीत (सगळ्यांना खुल्या असलेल्या तयार कोडमध्ये) चूक सापडली, तिचा बग रिपोर्ट म्हणजे इश्यू टाकला, लॉग, स्टेप्स सगळं दिलं, कोणी बघितलंच नाही आणि शेवटी बॉटने (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने) स्टेलचं, म्हणजे 'बराच काळ हालचाल नाही' असं लेबल लावून बंद केला. नवीन माणूस परत कशाला येईल मग?

उत्तर १: खरंय. गिटहबच्या (असे प्रोजेक्ट जिथे ठेवतात ती साइट) स्टेल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे याच बॉटमध्ये, डिफॉल्ट ६० दिवसांनी लेबल लागतं, पुढे ७ दिवसांत बंद. पण सेटिंगमध्ये 'बग' लेबलला सूट दिली की ते इश्यू तो सोडून देतो, एवढं तरी मेंटेनरने (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने) करायलाच हवं.

उत्तर २: मेंटेनरपण नोकरी सांभाळून करतात हो. बॉटची त्यांना मदतच होते. गिटहबचा दुसरा बॉट, डिपेंडाबॉट, सिक्युरिटी अपडेटचे पीआर (कोडमधल्या बदलाचे प्रस्ताव) आपणहून टाकतो, ग्रुपिंग (अपडेट एकत्र करायची सेटिंग) लावलं की ढीगभर पीआरचा एकच होतो, केवढा वेळ वाचतो.

प्रश्नकर्ता: अपडेटवाल्या बॉटबद्दल तक्रार नाहीच. लेबलचं सुचवतो त्यांना, इश्यू परत उघडा म्हणूनही लिहितो.